तेवढं एक झाड

आधी टकटक ऐकू यायची. मूठ मिटून, बोटांच्या पेरांनी एखाद्या बुंध्यावर तीनदा, मग जरा थांबून आणखी दोनदा; बाजारात मडकं घेताना बायका वाजवून बघतात, तशी. मग केळीच्या फाटक्या पानांआडून हर्षाली दिसायची, कान खोडाला लावलेला, डोळे मिटलेले, कपाळावर वैशाखातलं निलाजरं ऊन. वादळानं नंदाखालच्या आमच्या आळीतली सावली एका दिवसात उचलून नेली होती. ज्या पायवाटेवर आम्ही जन्मभर झावळ्यांतून गाळून आलेला प्रकाश पाहिला, तिथे आता उजेड नुसता ओतल्यासारखा पडला होता. त्या परक्या उजेडात ही तेवीस वर्षांची मुलगी एकेका पडलेल्या झाडापाशी जायची, ऐकायची, आणि दोनच निकाल द्यायची. "हे जगेल." किंवा "हे गेलं."

"झाडात काय ऐकू येतं गं तुला?" मी एकदा विचारलं.

"काही नाही काकी. पण ऐकल्यासारखं केलं की लोक गप्प बसतात. मग मला मुळं नीट बघता येतात."

अशी होती ती. हसताना आधी डावा गाल हसायचा, मग बाकीची हर्षाली.

वादळाबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांनी ते भोगलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही भोगलं त्यांना वारा म्हणजे नुसता वारा वाटतो. सकाळपासून समुद्राच्या बाजूनं जो घुमता, अखंड आवाज सुरू झाला तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही, आणि थांबला तेव्हा शांततेनं कान दुखायला लागले. पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. बावखलं, म्हणजे आमच्या वाड्यांमधली ती हिरवट पाण्याची जुनी तळी, झावळ्यांनी आणि केळींनी काठोकाठ भरली. माणसं वाचली. देवाची कृपा असं आम्ही एकमेकांना सांगत होतो, पण सांगताना प्रत्येकाची नजर आपापल्या वाडीत कुठल्यातरी एकाच झाडाकडे जात होती.

ते एक झाड काय, हे सांगायला हवं. आमच्या आळीत मुलगा झाला की त्याची नाळ वाडीत पुरतात आणि त्या जागी एक रोप लावतात. पुढे ते झाड त्या मुलाच्याच नावानं ओळखलं जातं. माझ्या निखिलचा फणस, पलीकडच्या घरातल्या प्रसादचा आंबा. इनासमामा आमचे शेजारी, चर्चच्या वाटेवर त्यांचं घर. त्यांच्याकडे नाळेचं काही नव्हतं, पण मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी लावलेला जांभूळ होता, म्हणजे एकूण एकच. मुलं मोठी झाली, शिकली, गेली. कुणी कॅनडात, कुणी दुबईत. माझा निखिल इतका लांब गेला नाही, तो वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत राहतो, स्कूटरनं अर्ध्या तासाच्या अंतरावर. पण अर्धा तास ओलांडायला कधीकधी महिना लागतो, हे मला तोवर कळून चुकलं होतं. झाडं मात्र जिथल्या तिथे. त्यांना पाणी घालायचं, त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे. आणि आता तीच झाडं मुळं वर करून पडली होती, नाळ पुरलेली ती जागा उघडी पडली होती, आणि म्हाताऱ्या आया त्या जागेवर हातानं माती ओढत होत्या.

हर्षाली राऊतांची. आमच्या वाडीच्या बांधाला त्यांचा बांध लागून. तिनं दापोलीला शेतकीचं शिक्षण घेतलं होतं आणि नुकतीच तिला जळगावला नोकरी लागली होती, केळीची रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत. काचेच्या बाटल्यांमध्ये नखाएवढी केळ वाढवतात म्हणे. त्या बाटल्यांबद्दल बोलताना तिचा आवाज हळू व्हायचा, निजलेल्या बाळाजवळ बोलतात तसा. पंधरा दिवसांत तिला रुजू व्हायचं होतं. ही गोष्ट आळीत सगळ्यांना माहीत होती. तिच्या आईनं पेढे वाटले होते, ते मी खाल्ले होते. म्हणून पुढे जे झालं ते अजाणतेपणी झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

झाड उभं करता येतं, हे आम्हाला तिच्यामुळे कळलं. पिढ्यान्‌पिढ्या वाडी करणारी माणसं आम्ही, पण पडलं की तोडायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. तिनं इनासमामांच्या जांभळापासून सुरुवात केली. उघड्या मुळांवर आधी ओली पोती टाकली, मग करवत मागवली आणि निम्मा पसारा छाटून टाकायला सांगितला. इनासमामा कळवळले. "अगं पोरी, जोकीमचं झाड आहे ते. त्याला बोडकं करतेस?"

"मामा, अर्धी मुळं तुटलीयेत. एवढं मोठं कुटुंब ती कशी पोसणार? आधी केस कापायचे, मग उभं राहायचं."

कापलेल्या फांद्यांच्या टोकांना तिनं चुना आणि मोरचुदाचा निळा लेप लावला. बुंध्याला गोणपाट गुंडाळून त्यावर दोर बांधला, दुसरं टोक पलीकडच्या चिंचेला बांधलेल्या कप्पीतून ओवून घेतलं. गल्लीत जेसीबी शिरणं शक्यच नव्हतं, म्हणून आठ-दहा माणसं दोराला. आणि ती झाडाच्या बाजूला उभी, एक हात वर. तो हात मला अजून दिसतो. ती ओरडत नसे. हात जसजसा वर जाई तसतसे पुरुष ओढत, हात थांबला की थांबत, आणि झाड कण्हत, करकरत, एकेक वीत वर येई. जांभूळ सरळ झाला तेव्हा इनासमामा त्याला मिठी मारून रडले. त्यांच्या पांढऱ्या बनियनला निळा लेप लागला आणि तो डाग नंतर कधी निघाला नाही.

"आणि तुझं झाड कुठलं?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"माझं नाही. मुलींचं कोण लावतं, मामा? माझी नाळ न्हाणीघरामागे पुरली. मी मोकळी."

हे ती हसत म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो. मुलगी काय, जाणारच. तिच्या नावानं झाड कशाला, असं आमच्याकडे पूर्वीपासून. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं. वाटत होतं असं आता म्हणाले तर ते खोटं होईल.

जांभूळ उभा राहिल्याची बातमी वीज नसलेल्या गावात विजेसारखी पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी राऊतांच्या अंगणात माणसं. रांग नव्हती, कुणी आवाज चढवत नव्हतं. आमच्याकडे अशी कामं गोड बोलून होतात. कुणी सोनकेळ्यांचा फणा घेऊन आलेलं, कुणी नुसतंच दाराशी टेकलेलं. "तेवढं एक आमचं बघ, मग तू जा." प्रत्येकाचं तेवढं एकच होतं. खरं तर कमाईची झाडं आधी बघायला हवी होती. सोनचाफा तिसऱ्या दिवसापर्यंत उभा केला असता तर वाचला असता, तिनं तसं सांगूनही पाहिलं. कुणी ऐकेना. ज्या झाडांना दहा वर्षांत कुणी फळ विचारलं नव्हतं ती उभी राहिली आणि पोट भरणारी झाडं उन्हात वाळून गेली. पुढे पंचनाम्याला माणूस आला, पडलेली झाडं दाखवा म्हणाला, तर आम्ही भाबडेपणानं त्याला उभी केलेलीच दाखवत फिरलो. तो कागदावर लिहिणार काय? त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि पाणी पिऊन गेला. यावर हर्षाली पोट धरून हसली होती. तिचं ते तसं शेवटचं हसू मला आठवतं.

कारण त्यानंतर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटत गेलं. बाहेरून काही दिसत नसे; उलट ती पूर्वीपेक्षा भराभर काम करायची. पण एका वाडीतून दुसरीत जाताना ती आता रस्त्यानं जात नसे, मागच्या बांधांवरून जायची, वाटेत कुणी गाठू नये म्हणून. तरी लोक गाठत. बांध कुठे संपतो ते इथे प्रत्येकाला ठाऊक. आशीर्वाद देत, गालावरून हात फिरवत, "तू होतीस म्हणून गं" म्हणत. माणूस रागाच्या भिंतीवर डोकं आपटून ती पाडू तरी शकतो, मायेच्या भिंतीला काय आपटणार? तिनं जळगावला फोन करून आठ दिवस वाढवून घेतले. ही गोष्ट आम्हाला कळली तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. कुणालाही, मला धरून, असं वाटलं नाही की या आठ दिवसांत आता तिला सोडू या.

माझा फणस तिनं पहिल्याच आठवड्यात उभा केला होता. तो पुरता पडला नव्हता, अर्धी मुळं मातीत होती. तीन बाजूंनी बांबूचे टेकू देऊन ती मला बजावून गेली होती, "काकी, पावसाळा सरेपर्यंत यांना हात लावायचा नाही." मी हो म्हटलं. पण वाळत घालायची दोरी वादळात गेलेली, धुण्याचा ढीग साठलेला, आणि त्या तीन बांबूंपैकी एक मला जरा जास्तीचाच वाटला. तीस वर्षं मुंबईत बँकेत नोकरी करून मी हा हिशेब केला. बांबू काढला, अंगणात रोवला, त्याला दोरी बांधली.

ती जाणार त्याच्या आदल्या संध्याकाळी पावसाआधीचा एक सोसाट्याचा वारा आला. सकाळी उठून पाहते तर फणस पुन्हा कलंडलेला, एका बाजूची माती उसवलेली.

तिची दुपारची गाडी होती, दुसऱ्या दिवशी सकाळी रुजू व्हायची शेवटची मुदत. मी दहाच्या सुमारास राऊतांकडे गेले. ओटीवर बॅग भरून ठेवलेली, त्यावर वाटेत खायचा डबा. हर्षालीनं आकाशी रंगाचा नवा पंजाबी ड्रेस घातला होता, केस धुतले होते, आणि इतक्या दिवसांनी तिच्या नखांत माती नव्हती. ती सुंदर दिसत होती. निघालेलं माणूस दिसतं तसं, चेहऱ्याचा अर्धा उजेड आधीच पुढे गेलेला. तिची आई मला बघून दारात आली आणि दारातच उभी राहिली. आत या असं काही म्हणाली नाही.

मी म्हणाले, "हर्षाली, निखिलचं झाड पुन्हा पडतंय गं. तेवढं एक बघतेस?"

मी हे का म्हणाले, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं आहे. ते झाड पडलं असतं तर निखिलचं काही बिघडलं नसतं, माझंही नाही. पण त्या सकाळी मला वाटत होतं की हे झाड गेलं तर माझ्याकडे काहीच उरणार नाही, आणि माझ्या रिकामपणाची किंमत कुणीतरी दुसऱ्यानं द्यावी यात मला गैर दिसलं नाही. भीती माणसाला इतकं स्वार्थी करते, आणि वर त्याला आपण कळवळलोय असंच वाटत राहतं.

 तिनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि चप्पल घालून निघाली.

वाडीत आल्यावर तिला झाड दिसायच्या आधी बांबू दिसला. त्यावरच्या दोरीवर माझी धुतलेली लुगडी होती.  तिनं एकेक लुगडं काढलं, नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवलं, दोरी सोडली, बांबू उपटला आणि फणसाकडे गेली. मी त्या वेळी मेले असते तर बरं, असं मला वाटलं. अर्थात तसं वाटून मी तिथेच उभी राहिले.

काम अर्ध्या तासाचं वाटलं होतं. पण माती भुसभुशीत झालेली, एक मूळ नव्यानं चिरलेलं, पुन्हा पोती, पुन्हा दोर, दोराला माणसं गोळा करणं. आकाशी ओढणी तिनं कमरेला बांधली होती; तिचा रंग तासाभरात कुठला ते ओळखू येईना. बारा वाजता चर्चची घंटा झाली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत खड्ड्यात होते. तिनं मान वर केली, घंटा संपेपर्यंत तशीच राहिली, आणि पुन्हा वाकली. मला वाटतं, गाडी चुकली ती तेव्हा. प्रत्यक्ष गाडी स्टेशनात पुढे दोन तासांनी आली असेल.

गाडी निघून गेली असेल अशा वेळी ती म्हणाली, "काकी, माझ्या खिशातला फोन काढा, लावा आणि जरा माझ्या कानाला धरा. हात मातीचे आहेत."

मी धरला. प्रयोगशाळेतल्या कुणा साहेबाला तिनं सांगितलं की गाडी चुकली, उद्या सकाळी रुजू होणं जमत नाही, परवा पोचते. पलीकडचा माणूस सौजन्यानं बोलत होता. मला सगळं ऐकू येत होतं. एकदा मुदत वाढवली होती मॅडम, आता यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलवावं लागेल, वादळाचं ऐकून वाईट वाटलं, काळजी घ्या. ती म्हणाली, "थँक्यू सर." मग मला म्हणाली, "झालं काकी. ठेवा." फोन बंद झाला तरी माझा हात तिच्या कानापाशीच होता; तिचे हात मुळांवर माती दाबत होते.

दोन रविवारांनी निखिल आला. फणसापाशी उभा राहून म्हणाला, "आई, हे अजून आहे होय? वादळात गेलं असतं तर बरं झालं असतं. गाडी आत घ्यायला जागा झाली असती." त्यात त्याचा दोष नव्हता, त्याला काहीच माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. बांधापलीकडे हर्षाली पडलेल्या केळींची खुंटं काढत होती. तिनं ते ऐकलं असणार. विळा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

याला आता काही वर्षं झाली. हर्षाली इथेच आहे. आधी बापाची वाडी पुन्हा लावायची म्हणून राहिली, मग आळीतल्या सगळ्यांच्या वाड्या होत्याच. आता विरारपासून जूचंद्रपर्यंत कुठेही झाड कलंडलं की तिला फोन जातो, सोसायट्यांचे लोक गाडी पाठवतात. तिचं नाव झालंय, सत्कार झालाय; शाल मीच पांघरली, कारण आळीत वडीलधारी मी. आळी पुन्हा हिरवी आहे. परका उजेड गेला, पायवाटेवर पूर्वीसारखा गाळीव प्रकाश पडतो आणि त्यात हर्षाली चालताना दिसते, किंचित वाकलेली, जळगावबद्दल कधीच न बोलणारी. काचेच्या बाटल्यांबद्दल बोलताना हळू होणारा तो आवाज मी पुन्हा ऐकला नाही. कुणी "आता लग्नाचं बघा" म्हणालं की ती म्हणते, "बघू या, पाऊस सरू दे." पाऊस दरवर्षी सरतो.

गेल्या भाद्रपदात मी तिला माझ्या ओटीवर बसवलं, चहा दिला, आणि इतकी वर्षं न बोललेलं बोलून टाकलं. म्हटलं, "हर्षाली, त्या दिवशी मी तुला अडवलं. तो बांबूही मीच काढला होता. मला माफ कर."

ती चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "काकी, एक विचारू? मी नाही म्हणेन, असं तुम्हाला वाटलं होतं का?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही," मी म्हणाले.

"मग ते विचारणं नव्हतं ना, काकी."

आवाजात राग नव्हता; एखादं झाड जगणार की नाही हे सांगताना असतो तसा सरळ आवाज. तिनं कप विसळून पालथा घातला, "येते" म्हणाली आणि बांधावरून निघून गेली. मी बसून राहिले. ऊन ओटीवरून उतरलं, अंगणातून सरकलं, कुंपणापलीकडे गेलं. जी माणसं दूर जातात त्यांची आठवण काढायला आई-बाप असतात, सणवार असतात. पण जिला जाऊच दिलं नाही, तिच्यातून जी दुसरी मुलगी त्या दुपारी एकटीच निघून गेली, तिची वाट कुणी बघायची? काळ तिला परत आणणार नाही. तिला शेवटचं मी पाहिलं होतं, आकाशी ड्रेसमध्ये, ओटीवर, निघायच्या तयारीत. तेव्हा तिची आठवण जन्मभर सांभाळणं आता माझ्याचकडे आलं आहे, आणि हे काम मला कुणी विचारून दिलेलं नाही.